भूलतज्ज्ञांचा संप आणि अडीच लाख डॉलर

१९७५ च्या मे महिन्यात उत्तर कॅलिफोर्नियातल्या भूलतज्ज्ञांनी काम थांबवले. तातडीच्या शस्त्रक्रियांना ते हजर राहत, पण ठरवून करायच्या शस्त्रक्रिया एकामागून एक पुढे ढकलल्या गेल्या. भूल देणाराच नाही म्हटल्यावर सर्जन तरी काय करणार? सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या रुग्णालयांच्या खाटा रिकाम्या पडू लागल्या आणि कर्मचाऱ्यांना घरी बसवण्याची पाळी आली. कारण होते विम्याचे. या डॉक्टरांचा व्यावसायिक विमा उतरवणाऱ्या आर्गोनॉट कंपनीने जुना गटविमा चालू ठेवायला नकार दिला होता आणि नव्याने विमा घ्यायचा तर हप्ता कित्येक पटींनी वाढणार होता. विम्याशिवाय ऑपरेशन थिएटरात पाऊल टाकायचे म्हणजे एका खटल्यात घरदार घालवायची तयारी ठेवायची.

गव्हर्नर जेरी ब्राउन यांनी विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलावले आणि सप्टेंबरमध्ये एका कायद्यावर सही केली. ‘मायक्रा’ या लघुनावाने तो ओळखला जातो. त्यातले गाजलेले कलम असे: डॉक्टरच्या हलगर्जीपणामुळे रुग्णाला इजा झाली, तर उपचारांचा खर्च आणि बुडालेली कमाई पूर्ण मिळेल, पण वेदना, अपंगत्व, आयुष्यातला गेलेला आनंद यांसाठी अडीच लाख डॉलरपेक्षा एक सेंटही जास्त मिळणार नाही. वकिलांच्या फीवर बंधन आले, दावा लावण्याची मुदत कमी झाली. अमेरिकेत अशा बदलांना ‘टॉर्ट रिफॉर्म’ म्हणतात आणि पुढची पन्नास वर्षे राज्याराज्यांत हाच कायदा नमुना म्हणून पुढे केला गेला.

त्या संकटाला आणखी एक उत्तर मिळाले. ते विधिमंडळात सापडले नाही, ऑपरेशन थिएटरात सापडले. आणि शोधणारे होते भूलतज्ज्ञच. ही दोन उत्तरे शेजारी ठेवून पाहिली की महाग विम्याच्या दुखण्याचे मूळ कुठे आहे ते कळते.

भरपाई कशाची

टॉर्ट म्हणजे अपकृत्य. एखाद्याने घ्यायला हवी ती काळजी घेतली नाही, त्यामुळे दुसऱ्याची हानी झाली, तर ती भरून द्यायची, असे हा कायदा सांगतो. इंग्लंडमध्ये रुजलेली ही कल्पना अमेरिकेत गेली तशी आपल्याकडेही आली. १९५३ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाचे मांडीचे हाड मोडले. टॅक्सीने अकरा तास प्रवास करून त्याला पुण्याच्या खासगी रुग्णालयात आणले. तिथे पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसवण्यात आले आणि त्याच दिवशी तो दगावला. वडिलांनी लावलेला दावा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९६८ मध्ये डॉक्टरचा हलगर्जीपणा कायम धरला गेला आणि भरपाई ठरली तीन हजार रुपये. भारतातल्या वैद्यकीय हलगर्जीपणाच्या खटल्यांत हा निकाल आजही आधाराला घेतला जातो.

अमेरिकेत तत्त्व तेच, पण रकमा फार मोठ्या. भरपाई किती द्यायची हे तिथे बहुधा सामान्य नागरिकांची ज्युरी ठरवते. रुग्णाचा वकील सहसा आगाऊ फी घेत नाही. खटला जिंकला तर रकमेचा ठरलेला हिस्सा घेतो, हरला तर त्याचाच खर्च बुडतो. उपचारांचा खर्च प्रचंड असल्यामुळे जन्मभर काळजी घ्यावी लागणाऱ्या रुग्णाची भरपाई सहज कोटी डॉलरच्या घरात जाते. मेंदूच्या सर्जनवर खटला होण्याची शक्यता तर दरवर्षी पाचात एक असल्याचे २०११ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. त्यातल्या बहुतेक दाव्यांत डॉक्टरला काहीच द्यावे लागत नाही, पण बचावाचा खर्च आणि वर्षानुवर्षांचा मनस्ताप काही चुकत नाही. म्हणून तिथल्या डॉक्टरला विम्यावाचून गत्यंतर नसते.

हप्ता कसा ठरतो

गाडीला धक्का लागला तर विमा कंपनीला दोन-चार महिन्यांत खर्च कळतो. वैद्यकीय विम्यात तसे नसते. एखाद्या प्रसूतीत बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर इजेचे खरे स्वरूप मूल चालू-बोलू लागण्याच्या वयात लक्षात येते. त्यानंतर दावा, साक्षी, ज्युरी, अपील. आज घेतलेल्या हप्त्यातून किती पैसे जातील, हे कळायला दहा वर्षेही लागू शकतात. कंपनी अंदाजाने गंगाजळी बाजूला ठेवते आणि तोवर तो पैसा रोख्यांत गुंतवते.

या लांबलेल्या काळातच बाजाराची भरती-ओहोटी दडलेली आहे. व्याजदर चांगले असले की गुंतवणुकीचा परतावा भरपूर मिळतो. नवे ग्राहक ओढण्यासाठी कंपन्या हप्ते उतरवतात, कधी खर्चाच्याही खाली नेतात. काही वर्षांनी जुने दावे अंदाजापेक्षा महाग पडतात, व्याज घसरते, पुनर्विमा (विमा कंपन्यांनी स्वतःसाठी घेतलेला विमा) महागतो आणि अनेक वर्षांत करायची वाढ एकदम केली जाते. काही कंपन्या धंदाच सोडतात. डॉक्टरच्या हातात मात्र एका सकाळी दुप्पट हप्त्याचे पत्र पडते, आणि त्या वर्षात त्याने एकही चूक केलेली नसते.

अमेरिकेत अशी तीन संकटे आली: १९७० च्या दशकाच्या मध्यावर, १९८० च्या दशकाच्या मध्यावर आणि २००० नंतर. तिसऱ्या संकटाची सुरुवात सेंट पॉल या बड्या कंपनीने केली. १९९० च्या दशकात गंगाजळी गरजेपेक्षा जास्त साठली आहे असे ठरवून तिने सुमारे शंभर कोटी डॉलर नफ्यात वळवले. या धंद्यात एवढा फायदा आहे असे पाहून इतर कंपन्या शिरल्या आणि दर आणखी पडले. डिसेंबर २००१ मध्ये तोट्यात आलेल्या सेंट पॉलने वैद्यकीय विमाच बंद करत असल्याचे जाहीर केले. सुमारे ४२ हजार डॉक्टरांना नवी कंपनी शोधणे भाग पडले. वाढलेल्या हप्त्यांमुळे सर्जनांनी काम सोडले आणि जुलै २००२ मध्ये लास वेगासच्या युनिव्हर्सिटी मेडिकल सेंटरमधला ट्रॉमा विभाग दहा दिवस बंद राहिला. नेवाडा राज्यात सर्वांत गंभीर जखमींसाठीचा त्या दर्जाचा तो एकमेव विभाग होता.

२००३ साली अमेरिकी संसदेच्या हिशेब-तपासणी कार्यालयाने या वाढीची कारणे तपासली. दाव्यांपोटी वाढलेला खर्च हे मुख्य कारण निघाले. त्याच्या जोडीला घटलेले गुंतवणूक-उत्पन्न, आधीच्या वर्षांतली दरकपातीची चढाओढ आणि महागलेला पुनर्विमा. वकिलांची हाव किंवा कंपन्यांची हाव, असे एकच उत्तर देणारे दोन्ही बाजूंचे लोक अर्धवट बोलतात.

मर्यादेने काय साधले

संकट आले की राज्ये मायक्राकडे वळत. नेवाडाने २००२ मध्ये साडेतीन लाख डॉलरची मर्यादा घातली. टेक्सासने २००३ मध्ये डॉक्टरांसाठी अडीच लाखांची मर्यादा आणली आणि मतदारांनी निसटत्या बहुमताने राज्यघटनेत दुरुस्ती करून तिला पाठबळ दिले.

टेक्सासमध्ये परिणाम लगेच दिसले. दावे घटले, भरपाईची एकूण रक्कम घसरली, हप्ते उतरले. मर्यादेने विमा स्वस्त होतो आणि बाजार शांत होतो, हे मान्य करायलाच हवे. प्रसूतितज्ज्ञाच्या वार्षिक हप्त्याची आजची तफावतही बोलकी आहे: अलीकडच्या वर्षांत लॉस एंजेलिसमध्ये सुमारे ५० हजार डॉलर, तर मायामीत दोन लाखांहून अधिक. अर्थात कॅलिफोर्नियातले श्रेय एकट्या मायक्राला देता येत नाही. तिथे मायक्रानंतरही बारा-तेरा वर्षे हप्ते वाढत राहिले. १९८८ मध्ये मतदारांनी ‘प्रपोझिशन १०३’ मंजूर केले आणि दरवाढीआधी राज्याच्या विमा आयुक्तांची परवानगी घेणे कंपन्यांना बंधनकारक झाले. हप्ते स्थिरावले ते त्यानंतर, असे ग्राहक संघटना सांगतात. डॉक्टरांच्या संघटना श्रेय मायक्राला देतात. दोन्ही कायदे एकाच राज्यात एकाच वेळी चालू असल्याने श्रेयाची नेमकी वाटणी करणे अवघड आहे.

मर्यादेच्या समर्थकांनी आणखी दोन आश्वासने दिली होती: डॉक्टर राज्यात येतील आणि खटल्याच्या धास्तीने होणाऱ्या अनावश्यक तपासण्या थांबून उपचार स्वस्त होतील. टेक्सासचा दीर्घ काळ अभ्यास करणाऱ्या बर्नार्ड ब्लॅक, डेव्हिड हायमन आणि चार्ल्स सिल्व्हर यांना डॉक्टरांच्या संख्येत मर्यादेमुळे म्हणावी अशी वाढ सापडली नाही. उपचारांचा एकूण खर्चही उतरला नाही. तपासण्यांबद्दल २०१४ चा एक अभ्यास महत्त्वाचा आहे. टेक्सास, जॉर्जिया आणि साउथ कॅरोलायना या राज्यांनी तातडीच्या विभागातल्या डॉक्टरांवर दावा जिंकणे जवळपास अशक्य करून ठेवले होते. तरीही तिथे सीटी स्कॅन आणि एमआरआयचे प्रमाण कमी झाले नाही. तपासण्यांमागे भीती असते, तशी सवय असते, रुग्णाचा आग्रह असतो आणि पैसा मिळण्याची सोयही असते. कायद्याने भीती कमी केली तरी बाकीची कारणे उरतातच.

किंमत कोण मोजतो

आता मर्यादेची दुसरी बाजू. एकाच चुकीने एकसारखी इजा झालेल्या दोन व्यक्तींची कल्पना करा. एक चाळिशीतला इंजिनिअर, वर्षाला दीड लाख डॉलर कमावणारा. दुसरी सत्तरीतली निवृत्त शिक्षिका. दोघांच्याही आतड्याला शस्त्रक्रियेत छिद्र पडले, ते वेळेवर ओळखले गेले नाही आणि दोघांचाही मृत्यू झाला. इंजिनिअरच्या कुटुंबाला पुढच्या पंचवीस वर्षांच्या बुडालेल्या कमाईपोटी काही दशलक्ष डॉलरची भरपाई मागता येते आणि त्या रकमेला मर्यादा नाही. शिक्षिकेची कमाई नाही, पुढचा औषधोपचार नाही. तिच्या मुलांकडे मागायला उरते ती आई गेल्याची भरपाई, आणि नेमकी तिच्यावरच अडीच लाखांची मर्यादा.

अन्याय इथे संपत नाही. असा खटला लढायला दोन-तीन तज्ज्ञ डॉक्टरांची साक्ष लागते, हजारो पाने तपासावी लागतात. खर्च लाख डॉलरच्या आसपास सहज जातो. जिंकूनही मिळणार जास्तीत जास्त अडीच लाख आणि त्यात फीचा हिस्सा ठरलेला. वकील हिशेब करतो आणि केस घेत नाही. म्हणजे मर्यादा मोठ्या निकालांना लगाम घालते, तशी अनेक लहान माणसांना न्यायालयाच्या दारातूनच परत पाठवते. गृहिणी, लहान मुले, वृद्ध, कमी पगाराचे कामगार यांच्या वाट्याला हे जास्त येते, कारण त्यांच्या जीवनाचे मोल कमाईत मोजता येत नाही.

शिवाय मायक्राची रक्कम महागाईशी जोडलेली नव्हती. १९७५ चे अडीच लाख डॉलर २०२२ च्या हिशेबाने बारा लाखांहून अधिक होतात. सत्तेचाळीस वर्षे आकडा तोच राहिला आणि त्याचे मोल झिजत गेले. २०१४ मध्ये ती रक्कम वाढवण्याचा प्रस्ताव मतदारांनी दोन-तृतीयांश मतांनी फेटाळला. अखेर २०२२ मध्ये डॉक्टर, विमा कंपन्या आणि वकिलांच्या संघटना वाटाघाटीला बसल्या आणि तडजोड झाली. १ जानेवारी २०२३ पासून इजेसाठी साडेतीन लाख, मृत्यूसाठी पाच लाख. दहा वर्षांत टप्प्याटप्प्याने अनुक्रमे साडेसात लाख आणि दहा लाख. इतर राज्यांत न्यायालयांनीच हस्तक्षेप केला. इलिनॉय आणि जॉर्जियाच्या सर्वोच्च न्यायालयांनी २०१० मध्ये, तर फ्लोरिडाच्या न्यायालयाने २०१४ आणि २०१७ मध्ये अशा मर्यादा घटनाबाह्य ठरवल्या.

आणि खटले फार होतात, हा समज कितपत खरा? हार्वर्डच्या संशोधकांनी न्यूयॉर्क राज्यातल्या ५१ रुग्णालयांचे १९८४ मधले तीस हजारांहून अधिक केसपेपर वाचले. दाखल झालेल्यांपैकी ३.७ टक्के रुग्णांना उपचारांमुळेच इजा झाली होती आणि त्यातल्या एक चतुर्थांशाहून अधिक इजांमागे हलगर्जीपणा होता. हलगर्जीपणाने इजा झालेल्यांतून भरपाईचा दावा केला दोन टक्क्यांहूनही कमी लोकांनी. दुसरीकडे, २००६ मध्ये १,४५२ दाव्यांच्या फायली तपासल्या तेव्हा ३७ टक्के दाव्यांत डॉक्टरची चूकच आढळली नाही. इजा झाल्यापासून फाइल बंद होईपर्यंत सरासरी पाच वर्षे गेली होती. भरपाईच्या प्रत्येक डॉलरमागे ५४ सेंट वकील, तज्ज्ञ आणि कोर्टकचेरीवर खर्च झाले. ज्यांनी दाद मागायला हवी ते मागत नाहीत, मागतात त्यातल्या बऱ्याच जणांची तक्रार चूक नसतानाची असते, आणि व्यवस्था दोघांनाही वर्षानुवर्षे झुलवते.

थिएटरात सापडलेले उत्तर

आता त्या भूलतज्ज्ञांकडे वळू. १९८० च्या सुमारास त्यांची अवस्था बिकट होती. हार्वर्डशी संलग्न रुग्णालयांच्या विमा कंपनीच्या हिशेबात भूलतज्ज्ञ होते विमाधारकांच्या सुमारे ३ टक्के, पण भरपाईतला त्यांचा वाटा त्याच्या कितीतरी पट. १९८२ मध्ये एबीसी वाहिनीने भुलेमुळे होणाऱ्या मृत्यूंवर कार्यक्रम दाखवला आणि देशभर खळबळ उडाली. भूलतज्ज्ञांच्या संघटनेचे तेव्हाचे एक नेते एलिसन पियर्स यांनी वकिलांना दोष देण्याऐवजी विचारले, माणसे मरतात कशाने?

१९८५ मध्ये संघटनेने विमा कंपन्यांच्या कपाटांत पडलेल्या, निकाली निघालेल्या दाव्यांच्या फायली मिळवून वाचायला सुरुवात केली. एकेका फायलीत एकेका रुग्णाचा शेवट होता आणि त्यांतून एकच नमुना वर येत होता. भूल दिल्यावर रुग्णाचा श्वास यंत्रावर चालतो. त्यासाठी घशातून घातलेली नळी श्वासनलिकेऐवजी अन्ननलिकेत गेली, किंवा मध्येच जोडणी सुटली, तर फुप्फुसात प्राणवायू जात नाही. ओठ निळे पडलेले दिसेपर्यंत मोलाची मिनिटे गेलेली असतात, आणि प्राणवायूविना मेंदू काही मिनिटेच तग धरतो. डॉक्टर बेफिकीर होते असे नव्हे. रुग्णाच्या छातीवर ठेवलेला स्टेथोस्कोप, नाडीवरचे बोट आणि डोळे, एवढ्यावर त्यांची भिस्त होती आणि ती अपुरी होती.

उपाय दोन यंत्रांनी दिला. बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर रक्तातला प्राणवायू क्षणाक्षणाला दाखवतो आणि त्याचा आवाज पातळी घसरताच बदलतो. कॅप्नोग्राफ बाहेर पडणाऱ्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड मोजतो. नळी चुकीच्या जागी असेल तर काही श्वासांतच आलेख सपाट होतो. १९८६ मध्ये हार्वर्डच्या रुग्णालयांनी भुलेदरम्यान सतत निरीक्षणाचे लेखी नियम जाहीर केले. त्याच वर्षी भूलतज्ज्ञांच्या देशव्यापी संघटनेने असे नियम स्वीकारले. भुलेच्या यंत्रांची रचनाही सुधारत गेली.

१९९९ च्या ‘टू एर इज ह्यूमन’ या अहवालाने नोंदवले की भुलेमुळे होणारे मृत्यू १९८० च्या दशकातल्या दहा हजारांत दोनवरून दोन ते तीन लाखांत एकावर आले. विम्याचे काय झाले? २००५ च्या सुमारास, महागाई वजा करता, भूलतज्ज्ञ वीस वर्षांपूर्वीपेक्षा कमी हप्ता भरत होते. आणि तेव्हा बाकीचे डॉक्टर तिसऱ्या संकटात होरपळत होते. एकाही रुग्णाचा हक्क काढून न घेता हप्ता उतरला, कारण भरपाई मागायची वेळच कमी लोकांवर आली.

याच वाटेवरचे दुसरे पाऊल मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाने टाकले. २००१ पासून तिथे इजा झाली की तपास होतो, चूक असेल तर ती रुग्णाला स्पष्ट सांगितली जाते, माफी मागितली जाते आणि खटल्याआधीच भरपाई देऊ केली जाते. चूक नसेल तर रुग्णालय ठामपणे बचाव करते. असे केल्याने खटल्यांचा पूर येईल अशी भीती होती. २०१० मध्ये आकडे प्रसिद्ध झाले तेव्हा दावे, निकालाला लागणारा वेळ आणि खर्च, तिन्ही घटल्याचे दिसले.

आजचा बाजार

१९९० च्या दशकाच्या तुलनेत अमेरिकेत डॉक्टरांच्या वतीने भरपाई दिलेले दावे निम्म्याहून कमी झाले आहेत. तरीही २०१९ च्या आसपास हप्ते पुन्हा चढू लागले. दावे थोडे, पण निवडक निकाल अवाढव्य, उपचारखर्चाची महागाई मोठी आणि खटल्यांत पैसा गुंतवणाऱ्या कंपन्यांची भर. दुसरीकडे स्वतंत्र दवाखाना चालवणारे डॉक्टर कमी होत आहेत. अनेकजण मोठ्या रुग्णालय-समूहांच्या नोकरीत गेले आणि हे समूह स्वतःचा विमा स्वतःच उभारतात. उरलेल्या बाजारात कंपन्या एकत्र येत आहेत. १९७० च्या दशकातल्या संकटात कॅलिफोर्नियातल्या डॉक्टरांनीच स्थापन केलेल्या ‘द डॉक्टर्स कंपनी’ने मार्च २०२५ मध्ये ‘प्रोअ‍ॅश्युरन्स’ सुमारे १३० कोटी डॉलरना विकत घेत असल्याचे जाहीर केले. नेवाडाने २०२३ मध्ये आपली मर्यादा वाढवायला घेतली, तर जॉर्जियाने एप्रिल २०२५ मध्ये नवा टॉर्ट रिफॉर्म आणला. घटनेची अडचण असल्याने त्यात रकमेला मर्यादा नाही. वेदनेची किंमत म्हणून मनमानी आकडे ज्युरीपुढे ठेवण्यावर बंधने आहेत.

चौथे संकट आलेच तर पुन्हा मर्यादेची मागणी होईल, आणि तिच्यात तथ्यही असेल. विमा न मिळाल्याने प्रसूतितज्ज्ञ गाव सोडून गेला, तर त्याची किंमत गरोदर बायाच मोजतात. म्हणून मर्यादा घालायचीच असेल तर ती महागाईशी जोडलेली हवी, कमाई नसलेल्यांना न्यायालयाबाहेर ढकलणारी नको, आणि तिच्या जोडीला हप्त्यांच्या चढउतारावर सरकारची नजर हवी. मर्यादेने विमा कंपनीचे ओझे हलके होते. ते ओझे नाहीसे होत नाही, सर्वाधिक इजा झालेल्या माणसाच्या खांद्यावर जाते. भूलतज्ज्ञांनी ओझेच कमी केले. त्यासाठी त्यांनी स्वतःच्या व्यवसायातल्या मृत्यूंच्या फायली उघडून वाचल्या. प्रसूतिगृहे, अतिदक्षता विभाग आणि निदान चुकण्याच्या हजारो घटना यांच्याही फायली विमा कंपन्यांकडे पडून आहेत. नवा कायदा मागण्याआधी प्रत्येक वैद्यकीय संघटनेने त्या वाचायला घेतल्या, तर हप्ते उतरतील आणि माणसेही वाचतील.